करंजाखालचा उकिरडा

मित्रांनो, मी माले गावच्या वाटेवरचा जुना करंज. मला कोणी हौसेने लावलं नाही, पण माझी सावली साऱ्या गावाची. देवी टोचणारे भाऊसाहेब दरसाल माझ्याखालीच पेटी उघडत. पाटलाचं पोर आणि धनगराचं पोर शेजारी शेजारी बसून रडत.

मग हैबतरावांनी माझ्या बुंध्याशी उकिरडा घातला. आमच्याकडे ज्याचा उकिरडा त्याची जागा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. शेण, राख, नासकं कालवण, एकदा तर मेलेली कोंबडी. ते पिवळं पाणी माझ्या मुळांत झिरपलं. माशांनी पानं काळी पडली. मला माझीच शिसारी येऊ लागली.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात खोऱ्यात देवीची साथ आली. भाऊसाहेब आले, नाकाला रुमाल लावला आणि समोरच्या हैबतरावांच्या पडवीत जाऊन बसले. सुंदरा धनगरीण तान्ह्या लेकीला, कोंडीला घेऊन अंगणात उभी राहिली.

हैबतरावांची बायको गोजराबाई म्हणाली, "लांबच ऱ्हा गं. मेंढरांचा वास येतुया."

"आन् त्या झाडाखालनं काय अत्तर येतंय व्हय, वैनी?"

बायका पदराआड हसल्या. पण सुंदराला कोणी पडवीत घेतलं नाही. कोंडीला न टोचताच पेटी मिटली. उद्या दुपारी भाऊसाहेब पुढच्या गावाला जाणार होते.

संध्याकाळी मेंढरं परतताना हैबतरावांनी तिला माझ्याजवळच गाठलं.

"सुंदरे, कळप उद्यापास्नं माझ्या वावरात बसव. नाचणी देतो."

"न्हाई बसायचा. आदी उकिरडा हलवा, मालक."

"तुला काय करायचंय उकिरड्याचं?"

"माजी लेक हितं टोचून घेणार हाय. न्हाईतर बहिरूतात्याचं वावर हाय की मोकळं."

हैबतराव तसेच घरी वळले. मेंढरांच्या लेंडीखतावाचून त्यांचं रान पिकत नव्हतं. उजाडताच त्यांच्या गाड्या लागल्या, दुपारच्या आत बुंधा मोकळा झाला. भाऊसाहेब पेटी घेऊन माझ्याखाली आले. सुई लागताच कोंडीने गाव डोक्यावर घेतलं.

हैबतरावांना लाज वाटली, असं मात्र समजू नका. त्यांना खत हवं होतं. म्हणून बुंधा मोकळा झाला तरी माझ्या मनातली किळस अजून गेलेली नाही.

मित्रांनो, ज्याला पडवी आहे त्याचं माझ्यावाचून चालतं. ज्याला नाही, त्याचं पोर टोचायला माझ्याकडेच येतं. घरातली घाण झाडाखाली ओतायला निघाल, तेव्हा आधी तिथे कोण बसतं ते बघून या.