पत्रिकेतला फिटर

डिमोशन हा शब्द अंबरनाथच्या त्या कारखान्यात साहेबलोक सढळ हाताने वापरत. चहा गार आला की प्यूनला डिमोट करायची धमकी. प्यूनच्या खाली काय असतं, हे कुणी विचारलं नव्हतं. खरंखुरं डिमोशन मात्र सत्त्याऐंशी साली पहिल्यांदाच झालं, बुधाजीरावांचं, आणि त्याचं पत्र क्लार्क कमळाकरनेच टाइप केलं. हात वाचवणारी जाळी तुटली म्हणून बुधाजीरावांनी प्रेसचं मशीन बंद ठेवलं, ऑर्डर रखडली आणि फोरमनचा फिटर झाला.

पंचाईत पुढेच होती. त्यांच्या वेणूचं लग्न ठरलेलं आणि दोनशे पत्रिकांवर बापाच्या नावाखाली ‘फोरमन’ छापून आलेलं. या भागात पत्रिकेत नावाआधी हुद्दा वाचतात.

“राहू द्या की,” कमळाकर म्हणाला. “मी सांगतो व्याह्यांना, डिपार्टमेंट बदललं म्हणून. डिमोशनचे अर्थ पुष्कळ.”

“तुम्ही सांगा. मी खोडतो.”

पट्टी धरून त्यांनी दोनशे वेळा ‘फोरमन’ खोडलं आणि वर निळ्या शाईत ‘फिटर’ लिहिलं. अशी सरळ रेघ कमळाकरला सरकारी फॉर्मवरही कधी जमली नव्हती. वेणू शाई वाळवायला पत्रिका पंख्याखाली मांडत होती.

“अगं, लग्न मोडलं तर?”

“तर शाई वाया गेली, काका.”

रविवारी बुधाजीराव आणि कमळाकर बदलापुरात, मांजर्लीला व्याह्यांकडे गेले. जयभीम झाला, पाणी झालं. जयदेवरावांनी चष्मा चढवून पत्रिका वाचली. मग पुन्हा वाचली.

“त्याचं असंय,” कमळाकरने सुरुवात केली, “डिपार्टमेंट जे आहे—”

“खाली उतरवलं मला,” बुधाजीराव म्हणाले. “मशीनला जाळी नव्हती. मी बंद केलं.”

“आता?”

“आता बसवली. मीच. फिटर ना मी!”

जयदेवराव उठून आत गेले. कमळाकरला वाटलं, संपलं. पण ते स्वतःकडच्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले. नावाखाली ठळक छापलं होतं, ‘सिक्युरिटी ऑफिसर’.

“उल्हासनगरला कापडाच्या गोदामावर वॉचमन आहे मी. बावीस वर्षं, एकच स्टूल,” ते म्हणाले. “पेन द्या जरा.”

बुधाजीरावांनी खिशातून पेन काढलं. “पट्टी पण घ्या. हात हलतो.”

कमळाकरने उठून पंखा लावला आणि पत्रिका मांडायला घेतल्या.