सरस्वतीपुढची फाईल

मुख्याध्यापिका होणे म्हणजे लग्नघरातली वरमाय होणे, असे कनकलताला जूनमध्ये वाटले होते. सप्टेंबर उजाडेपर्यंत तिला कळून चुकले की आपण वरमाय नसून स्वयंपाकघराच्या दारात उभी केलेली बाई आहोत. येणारा-जाणारा आपल्यालाच विचारतो, मीठ कुठे आहे, आणि मीठ कुठे आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही.

बावीस वर्षे तिने पापनाशमच्या शाळेत गणित शिकवले होते. गणितात निदान एका वेळी एकच उदाहरण सोडवायचे असते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या शाळेत तसे काही नव्हते. तिमाही परीक्षा ऐन भरात असताना अकरावीच्या मुलांच्या सरकारी सायकली येऊन पडल्या. त्या ज्या खोलीत ठेवल्या, तिथेच नववीचे परीक्षेचे नंबर टाकलेले. शाळेचा लेखनिक प्रवीणकुमार, त्याला नेमकी तेव्हाच बहिणीच्या लग्नाची रजा हवी होती. अशा दिवसांत लेखनिकाला रजा द्यावी की नाही, हे कुणाला विचारायचे? तर प्रवीणकुमारलाच. तो म्हणाला, द्यावी. तिने सही केली.

शिक्षणखात्याची परिपत्रके फोनवर दिवसाला चार-पाच यायची. एक वाचून होईपर्यंत दुसरे येऊन पहिले रद्द करायचे. "बघते," या एका शब्दावर तिने ती अख्खी तिमाही काढली.

न गोंधळलेला असा शाळेत एकच माणूस होता, शिपाई तुकोजी. एकतीस वर्षांची नोकरी आणि पाच मुख्याध्यापक त्याने पचवले होते. आपल्यासारखाच घरी मराठी बोलणारा, म्हणून कनकलताला तो पहिल्या दिवसापासून आपला वाटला. सांगितलेले काम तो मुकाट्याने करी आणि एका शब्दाने उलट बोलत नसे. असा माणूस मिळायला भाग्य लागते, असे ती घरी नवऱ्याला सांगायची.

ऑगस्टमध्ये हरिता नावाची मुलगी होसूरहून दहावीत आली. बाप वारला, म्हणून आई हिराबाई मुलीला घेऊन तंजावूरला भावाकडे राहायला आली होती आणि ब्लाउज शिवून दिवस काढत होती. मुलगी हुशार. पण उशिरा आलेल्या मुलांची नावे बोर्डाच्या परीक्षेच्या यादीत वेगळी घालावी लागतात, मूळ दाखल्यांच्या फोटोसकट. हिराबाईने जन्मदाखला आणि जुन्या शाळेचा दाखला टेबलावर ठेवला आणि एवढेच आहे हो आमच्याकडे, असे म्हणाली. या वर्षी परीक्षा हुकली तर पोरीला घरी बसवून शिलाई मशीनवर घालायचे, असे भावाने बजावले होते, तेही तिने सांगून टाकले. कनकलताने कागद निळ्या फाईलमध्ये घातले, फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बघते."

ती बघणारही होती. मुदत वीस तारखेची आहे, हे तिने पक्के ध्यानात ठेवले होते.

सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी शाळेत नुसती झुंबड होती. तंजावुरात पूजेच्या दिवशी पुस्तके, वह्या, हजेरीपट सगळे देवीपुढे मांडतात, वर रेशमी वस्त्र घालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. वाचायचे नाही, लिहायचे नाही. अभ्यास केला तर विद्या रुसते म्हणतात, आणि देवीची एवढी एक आज्ञा गावातली झाडून सगळी पोरे आनंदाने पाळतात. पूजेला काय काय न्यायचे, असे तुकोजीने दारातून विचारले, तेव्हा कनकलताच्या एका कानाला फोन होता आणि दुसऱ्या बाजूला सायकलींच्या पावत्यांवर सही मागणारे मास्तर. टेबलावरचे सगळे न्या, असे ती म्हणाली. तुकोजी क्षणभर टेबलाकडे बघत उभा राहिला. मग त्याने सगळे उचलून नेले.

पूजेच्या दिवशी दुपारी, जेवून हात धुताना, तिच्या फोनवर आठवण आली. दहावीच्या उशिराच्या नावांची मुदत आज संध्याकाळी पाचला संपते. वीस तारीख होती ती बारावीच्या नावांची.

पुढचा तासभर कसा गेला, तिचे तिलाच कळले नाही. बसमध्ये बसल्यावर ध्यानात आले की पायांत दोन वेगळ्या चपला आहेत. तुकोजीला फोन केला, तर फाईल देवीपुढच्या ढिगात; मग हिराबाईला फोन केला. दाखल्यांच्या नकला असतील अशी एक वेडी आशा होती, पण नकला नव्हत्या. होसूरची शाळा तर सणासाठी बंदच.

चार वाजता ती शाळेच्या सभागृहात शिरली, तेव्हा हिराबाई आणि हरिता आधीच येऊन उभ्या होत्या. समोर कंबरेएवढा ढीग, त्यावर हिरवे रेशमी वस्त्र, झेंडूचे हार, पुढे उकडलेल्या हरभऱ्यांच्या सुंडलचे ताट. शाळेचा संगणकसुद्धा कपाळाला गंध-कुंकू लावून बाजूला बसला होता.

हिराबाई तुकोजीला फैलावर घेत होती. फाईल त्याने बेफिकिरीने ढिगात घातली, पोरीच्या जन्माचे नुकसान केले, असे ती तोंडाला येईल ते बोलत होती. तुकोजी मान खाली घालून ऐकत होता.

"माझीच चूक, बाई," तो म्हणाला. "वय झालें. डोळ्यांस दिसलें नाहीं."

कनकलता दारातच थांबली. खोटे कशाला सांगावे, तिला त्या क्षणी हलके वाटले. कोणीतरी ओझे उचलले होते आणि तिला फक्त गप्प राहायचे होते. पण चोर सोडून संन्याशाला सुळी देणे चाललेले डोळ्यांनी दिसत होते, आणि हरिता तिच्याचकडे बघत होती. कनकलताला स्वतःची लाज वाटली.

"त्यांची चूक नाहीं," ती पुढे होऊन म्हणाली. "टेबलावरचें सगळें न्या म्हणून मींच सांगितलें. तारीखही मींच चुकलें."

 शाळेची एच.एम., म्हणजे मुख्याध्यापिकाच, असे काही बोलते, हे हिराबाईच्या ऐकिवात नव्हते. तुकोजीने मात्र मान वर करून कनकलताकडे असे पाहिले की जणू तिने त्याच्या ताटातले काही उचलून घेतले.

कनकलताने वस्त्राला हात घातला आणि तो तिथेच राहिला. तिचे वडील या दिवशी वर्तमानपत्रसुद्धा घरात घेत नसत. आता आपण पाप करतो आहोत की पुण्य, हे तिला खरोखर समजेना. तेवढ्यात हिराबाईने तिचे मनगट धरले. मांडलेली पूजा मोडू नका, पोरीला परीक्षेत बाधेल, म्हणाली. आता घ्या! जिच्या पोरीसाठी मोडायची तीच नको म्हणते. घड्याळात चार वीस झाले होते.

"बाधलें तर मोडणाऱ्याला बाधेल, अम्मा," हरिता हळूच म्हणाली. "मेडमना चालतें का विचार."

चालते की नाही, हेही कनकलताला ठाऊक नव्हते. तिने वस्त्र उचलले.

फाईल वर नव्हती. ती हजेरीपट काढत गेली, तिमाहीचे गठ्ठे, सायकलींच्या पावत्या, न फोडलेली पाकिटे. तिचे सगळे सत्र तिच्याभोवती जमिनीवर पसरले. निळी फाईल अगदी तळाशी निघाली. जन्मदाखल्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचे बोट उमटले होते, पण तारखेला धक्का लागला नव्हता. तिथेच जमिनीवर बसून तिने फोनवरून फोटो चढवले. दोनदा अडकले, तिसऱ्यांदा गेले. चार बावन्नला नाव स्वीकारल्याचा निरोप आला. हिराबाई पदराने डोळे पुसू लागली.

मायलेकी गेल्यावर कनकलता आणि तुकोजी ढीग पुन्हा रचू लागले. तिला वाटले होते, आता हा माणूस दोन शब्द बरे बोलेल. तो बोलेना, तेव्हा तिनेच विचारले, चूक माझी असताना अंगावर का घेतली?

"तें माझेंच काम, मेडम," तुकोजी म्हणाला. "पांच एच.एम. झाले, एकही चुकला नाहीं. चुकलों तो मी. आज तुम्हीं तें काम काढून घेतलें."

"पण फाईल तळाशी गेली कशी? तुम्हांला खरेंच दिसली नाहीं?"

त्याने एक हजेरीपट नीट सरळ केला.

"दिसली तर. महत्त्वाची म्हणूनच सगळ्यांत आधीं देवीपुढें ठेविली. एच.एम.नीं सगळें न्या म्हटल्यावर उलट विचारायचें असतें का?"

कनकलताने हातातला गठ्ठा खाली ठेवला. जूनपासून या माणसाने मुकाट्याने केलेली सगळी कामे तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली, आणि त्यातली किती त्याला चुकीची दिसली असतील, याचा अंदाज तिला लागेना.

"उद्यांपासून विचारा," ती म्हणाली.

तुकोजीने ढिगावर हिरवे वस्त्र पुन्हा नीट पसरले.

"बघतों," तो म्हणाला.