कोंडाजींच्या नावाचं पान

कोंडाजी गेले आणि वर्षाच्या आत त्यांच्या दावणीचे शर्यतीचे चार बैल वाटले गेले. पुढची जोडी थोरल्या रोहिदासला, गाड्याला लागून पळणारी मागची जोडी धाकट्या जयदीपला. आता घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीत, दोन बैलांवर गाडा पळत नाही, हे महाळुंग्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण दोघेही हट्टाला पेटलेले! बाहेरच्यांशी जोड्या जुळवल्या आणि गाडा मात्र दोघेही बापाच्याच नावानं पळवायला लागले.

शर्यतीची नोंदणी हल्ली मोबाइलवर, गाडामालकांच्या साइटवर होते. तिथं प्रत्येक मालकाचं एक पान. रोहिदासनं बापाच्या नावाचं पान काढलं, ते इंग्रजीत पहिलं अक्षर कॅपिटल टाकून. जयदीपनं तेच नाव सगळं स्मॉलमध्ये टाकलं, तर साइटनं तेही वेगळं म्हणून घेतलं. मग काय, सावळा गोंधळ! लोक पत्ता टाकायचे जयदीपचा, फोन आपल्या मनानं पहिलं अक्षर कॅपिटल करायचा आणि उघडायचं रोहिदासचं पान. एकाच्या बक्षिसाचं कौतुक दुसऱ्याच्या पदरात पडायचं आणि त्यावरून पुन्हा भांडण.

शेवटी साइट सांभाळणारी सोनल चिंचवडहून घरी आली. "दादा, आता कॅपिटल आणि स्मॉल आम्ही एकच धरणार. कोंडाजी नावाचं एकच पान राहील. कुणाचं ठेवू, ते तुम्ही घरात ठरवा."

"थोरला मी हाय," रोहिदास म्हणाला.

"आजारपणात उशाशी मी व्हतो," जयदीप म्हणाला.

त्यांची आई सोजराबाई भिंतीला टेकून बसली होती. "पोरी, दोन्ही बंद कर," ती म्हणाली. "ह्यांच्या बापाचा गाडा चार बैलांचा व्हता. चारी एका गाड्याला जुंपतील, त्या दिवशी नाव परत दे. तवर न्हाई."

रोहिदासला 'मी जोडी आणतो', एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण आधी धाकट्यानं म्हणावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात जयदीप चपला घालून चालता झाला.

जत्रेला रोहिदासनं स्वतःच्या नावानं गाडा नोंदवला. त्याच्या नावाचा पुकारा झाला, भंडारा उधळला, आणि गाडा काय सुटला म्हणता! त्या दिवशीचा घाटाचा राजा तोच ठरला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्या उतरल्या तो गर्दी सारत आईकडं धावला.

सोजराबाई सकाळपासून घाटाच्या कडेला उन्हात बसून होती.

"आये, पहिला आला की आपला गाडा!"

"व्हय का?" ती म्हणाली. "मला वाटलं, आपला अजून पुकारलाच न्हाई."