मऊ तळाचे बूट

लेक वजनं उचलायला लागली म्हणून आई तिच्यासाठी बूट घ्यायला गेली आणि सवयीनं तिनं दुकानातला सगळ्यात मऊ जोड उचलला. दुकानदारानं तो तिच्या हातातून काढूनच घेतला.

"बाई, हे पळायचे. असल्या गादीवर वजन घेतलं तर पाय डुगडुगतो, तोल जातो आणि कंबर कामातून जाते. वजनाला सपाट, कडक तळ लागतो. नवशिक्यालाही ठाऊक असतं हे."

लग्नानंतर पहिल्या पगारातून तिनं नवऱ्यासाठी असेच बूट आणले होते, चांगले दाबून दाबून, मऊ बघून. तेच घालून तो व्यायामशाळेत जायचा आणि एक दिवस वजनासकट कोसळला. तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत होता. कुणी विचारलं की हसून म्हणायचा, "मस्ती नडली, दुसरं काय!" आणि हा तर तिथला वस्ताद! नवशिक्याला कळतं ते त्याला कळत नव्हतं होय?

कडक जोड घेऊन ती घरी आली. त्यानं अंगठ्यानं तळ दाबून पाहिला, समाधानानं मान डोलावली आणि लेकीला जवळ बोलावलं.

"घालून बघ. जरा जरी पाय हलला तरी लगेच सांग. आईनं हौसेनं आणलेत म्हणून गप्प बसू नकोस."