आभाळातली खाण आणि ह्यांचा खोकला

मुलानं आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं, तिथंच माझं डोकं फिरलं. अरे, तुझ्या बापाचा खोकला काय लपून राहणाराय का? उभा जन्म कोळशाच्या खाणीत घालवून ह्यांनी घरी आणलं काय, तर छातीभर धूळ!

मुलाचं सगळं त्या दिवशी पणाला लागलं होतं. त्यानं एक यंत्र बनवलंय. पृथ्वीजवळून फिरणारे दगडाचे डोंगर असतात, लघुग्रह म्हणतात त्यांना. तिथं उतरून खडक फोडायचा आणि आतलं पाणी, धातू काढायचे. समोरच्या बड्या मंडळींना पटलं तर यंत्र वर जाणार, नाहीतर गोदामात गंजणार. "आभाळात खाण? इथल्या काय ओस पडल्या?" असं म्हणून मी पहिल्यांदा हसलेच होते. पण पोरानं जिवाचं रान केलं. ना धड झोप, ना धड जेवण. मग माझीही जीभ गप्प बसली.

मंचावर काचेच्या पेटीत यंत्र दगड पोखरायला लागलं आणि नेमकी ह्यांना उबळ आली. साधीसुधी नाही, पार पोटातून. लोक वळून बघायला लागले. मागच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उठा," मी दातओठ खात म्हणाले.

"अगं, थांबेल आता. त्याचं बघू दे ना."

"बाहेर बसून खोका काय खोकायचं ते. पोराच्या अन्नात माती कालवू नका."

हे उठले. नवा कोट सावरत, वाकून, कुणाच्या पायाला पाय लागू न देता निघाले. मुलाचं लक्ष यंत्रात होतं, तेवढ्यात मीच दंड धरून नेलं. बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून आतलं सगळं ऐकू येत होतं.

मुलगा बोलत होता. "लोक विचारतात, यंत्रच का, माणसं का नाही? माझे बाबा खाणीत होते. ते गल्लीत शिरले की खोकल्यावरून मला कळायचं. या नव्या खाणीत कुणाच्या बापाला उतरावं लागू नये, म्हणून हे यंत्र. बाबा इथंच बसलेत. बाबा, जरा उभे राहता?"

आत सगळं शांत झालं.

"बाबा?"

पोराला बापाची लाज कधीच नव्हती. लाज मला वाटली होती, आणि मेलीनं ती मी पोराच्या नावावर खपवली.

"अहो, चला, आत चला," म्हणत मी वळले.

हे आधीच उभे राहिले होते. बाकापाशी, कोटाची बटणं लावून, बंद दाराकडे तोंड करून, ताठ. एक हात तोंडावर घट्ट दाबलेला, आवाज आत जाऊ नये म्हणून.