एमिलियाच्या खिडकीसमोर

मित्रांनो, मी एक जुनी दाण्यांची पेटी आहे. लिथुआनियातल्या एका तळ्याकाठच्या खेड्यात, एका घराच्या परसात मी खांबावर उभी आहे. हिवाळ्यात पाखरांना दाणे घालायचे म्हणून मला केले होते. माझी कहाणी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मुळात मी मधमाश्यांची पेटी होते. लिउडास नावाच्या सुताराने त्या माश्या पाळल्या होत्या. एका वर्षी त्या साऱ्या मेल्या आणि पेट्या रिकाम्या पडल्या. त्याच वर्षी त्याची बायको एमिलिया हिला अर्धांगवायूचा झटका आला. तिची उजवी बाजू गेली. बोलणे राहिले, पण जड झाले. लिउडासने तिची खाट खिडकीशी आणून लावली.

"इथून काय बघू?" एमिलिया म्हणाली. "कुंपण आणि बर्फ. बर्फ आणि कुंपण."

लिउडास उठून परसात गेला. त्याने मला मोडले, पुन्हा जोडले, दोन्हीकडे उतरते छप्पर दिले, दाणे सांडू नयेत म्हणून कडेने पट्टी ठोकली आणि खिडकीपासून बारा पावलांवर मला उभे केले.

पहिले तीन दिवस एकही पाखरू फिरकले नाही. एमिलिया त्याला सारखी टोचत राहिली. "सुतारा, खाणावळ तर छान बांधलीस. गिऱ्हाईक कुठंय?"

"येतील. तुझ्यासारखीच मानी आहेत ती."

चौथ्या दिवशी काळ्या टोपीची, पिवळ्या पोटाची, चिमणीएवढी एक रामगंगा आली, सूर्यफुलाचे एक बी उचलून उडाली आणि तासाभरात सहा जणी घेऊन परतली. मग लाल छातीचे गुबगुबीत पक्षी आले. सुतारपक्षी आला. कानांवर केसांचे झुबके असलेली तांबडी खार आली. ती माझ्या छपरावर बसून खाई आणि टरफले खाली टाकी. एमिलिया सगळ्यांना ओळखू लागली. कोण भांडखोर, कोण भित्रे, कोणाच्या मागे ससाणा लागला होता, सारे ती लिउडासला सांगे. तो चुलीपाशी बटाटे सोलता सोलता ऐके.

शेजारची यादविगा एकदा चरबीचा तुकडा घेऊन आली.

"मिठाची आहे का?" एमिलियाने विचारले.

"मग काय साखरेची असणार?"

"मिठाची चालत नाही गं त्यांना. मरतील. ती तूच खा."

"ऐकलंस का लिउडास? पाखरं मरतील म्हणे. मी मेले तर चालेल."

तिघेही हसली. यादविगा पुढच्या खेपेला बिनमिठाची चरबी दोऱ्यात ओवून घेऊन आली. मित्रांनो, असे सात हिवाळे गेले. येणारा जाणारा माझे कौतुक करी. माझा रंग उडाला, एक फळी तडकली, पण मी कधी रिकामी राहिले नाही.

आठव्या हिवाळ्यात जानेवारीत थंडी उणे अठ्ठावीसवर गेली. बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकला. एके सकाळी लिउडास नेहमीसारखा दाण्यांचा डबा घेऊन आला. बर्फाच्या खाली पाणी गोठून काच झाली होती. त्याचा पाय सरकला आणि तो माझ्या खांबाच्या दगडावर कमरेवर आदळला. डबा उडाला. दाणे चहूकडे पसरले.

त्याने उठायचा प्रयत्न केला. पाय हलेना. खिडकीत एमिलियाचा चेहरा दिसत होता. ती डाव्या हाताने काचेवर मारत होती. फोन स्वयंपाकघरात टेबलावर होता.

"काही नाही गं," लिउडास म्हणाला. तिला ते ऐकू जाणार नव्हते. "उठतो आता."

त्याने तिला हात दाखवला. ती काचेवर मारत राहिली. मग तिचा चेहरा खिडकीतून नाहीसा झाला. लिउडास रिकाम्या काचेकडे बघत राहिला. आणखी दोनदा त्याने कोपरांवर जोर दिला. त्यानंतर तो निपचित पडून राहिला.

तो हलेना, तेव्हा पाखरे खाली उतरली. त्याच्या बाहीपाशी, टोपीपाशी पडलेले दाणे त्यांनी टिपले. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी वरून बघत होते. मी लाकूड आहे, मला दुसरे काय करता येणार?

दुपारी यादविगा दूध घेऊन आली. तिच्या हातून किटली पडली.

"लिउडास! अरे, कधीपासून पडलायस?"

"आधी तिला बघ," तो पुटपुटला. "ती पडलीय."

एमिलिया खाटेवरून खाली पडली होती. एका हाताने अंग ओढत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती. टेबल तिथून चार हात दूर होते.

लिउडास दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. एमिलिया वाचली. तिला बघायला घरात कोणी उरले नव्हते आणि मुलगी रासा दूर आयर्लंडमध्ये कामाला होती, म्हणून एमिलियाला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात न्यायचे ठरले. नेताना तिने स्ट्रेचर परसात थांबवायला लावले.

"यादविगा, दाणे घालत जा. थंडी सरेपर्यंत तरी."

"घालीन गं. तू त्याचा घोर नको लावून घेऊस."

यादविगा नऊ दिवस आली. दहाव्या दिवशी वादळ झाले आणि वाट बुजली. तिचे वय सत्तरीचे, गुडघे सुजलेले. मी तिला दोष देत नाही. वाट उकरून देणारे गावात कोणी राहिले नव्हते.

पाखरांना हे कुठले ठाऊक? उजाडले की ती येत. तडकलेली फळी चोचीने तपासत, पुन्हा पुन्हा तपासत. दुसरीकडे शोधायला जावे, तर हिवाळ्याचा दिवस केवढासा, आणि सात वर्षे दाणे इथेच मिळाले होते. म्हणून ती वाट बघत बसत. पिसे फुगवून माझ्या कोपऱ्यात बसलेल्या काही जणी सकाळी उडाल्याच नाहीत. आधी दोन. मग पाच. मग मला मोजवेना.

बर्फ वितळल्यावर रासा घर आवरायला आली. यादविगा सोबत होती. रासाने माझ्यात डोकावले.

"मावशी, हे काय झालं?"

"थंडी फार होती." यादविगा म्हणाली, "मी येणार होते गं. खरंच येणार होते."

रासाने हातमोजे घातले, पाखरे एकेक करून उचलली आणि सफरचंदाच्या झाडाखाली पुरली.

"आईला यातलं काही सांगू नका."

"ती विचारेल. मी भेटायला गेले की आधी तेच विचारते."

"मग सांगा, सगळी आली होती."

एमिलिया त्या उन्हाळ्यात वारली. यादविगाने तिला काय सांगितले, ते मला ठाऊक नाही. तिने त्यावर विश्वास ठेवला का, तेही नाही. घराला कुलूप लागले.

मित्रांनो, पाखरांना दाणे घालायचे असतील तर आधी नीट विचार करा. एकदा सुरू केलेत, तर भर थंडीत हात आखडू नका. तुम्ही आजारी पडलात तर कोण येईल, हे बर्फ पडण्याआधी ठरवा. आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरावरून जाल तेव्हा त्यांच्या धुराड्यातून धूर निघतो आहे का, एवढे तरी बघा. तुम्ही ऐकाल, असे मला फारसे वाटत नाही. तरी सांगितले.

या हिवाळ्यात एकही पाखरू माझ्याकडे आले नाही. माझ्यात नुसता बर्फ साठतो. इथे आता कोणी वाट बघत बसत नाही, तेवढेच बरे.