बर्फ नको

कर्टने लॅबच्या खिडकीवर मूठ आपटली तेव्हा काउंटरवरचं पेनांचं भांडं उडून खाली पडलं. दुसऱ्या फटक्याला काच थरथरली. कॉरिडॉरमध्ये बसलेले तिघे उठून पलीकडच्या भिंतीला जाऊन उभे राहिले.

"रिपोर्ट आलाय, मला माहितीये," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा आहे. दे इकडे."

"रिपोर्ट डॉक्टरांकडे जातो, कर्ट. खिडकीतून वाटत नाही आम्ही," मार्लिस म्हणाली.

"बारा वाजता पोलीस येणारेत. त्यांच्या तोंडावर मारायचाय मला तो कागद."

काचेखालच्या फटीतून त्याने हात आत घातला आणि मार्लिसचं मनगट असं पिरगाळलं, की एकसष्ट वर्षांची ती बाई काउंटरवर ओणवी झाली. मग हसून सोडलं, जणू चेष्टाच केली. हाच कर्ट जानेवारीत तिच्या दारातला बर्फ न सांगता उपसून गेला होता. गल्लीत त्याला सगळे देवमाणूस म्हणायचे.

"दहा मिनिटं देतो," तो म्हणाला. "मग दारातून येईन."

मार्लिसने सिक्युरिटीला फोन केला आणि मनगट चोळत टेबलाशी आली. ड्युलूथ शहरातल्या या रुग्णालयाच्या तळमजल्यावर तिची चौतीस वर्षं गेली होती. रक्त गोठण्याच्या तपासण्या तिच्या देखरेखीखाली होत. कर्टच्या बायकोचा, जॅनेलचा रिपोर्ट समोरच पडला होता. रक्त गोठवायला लागणारं एक प्रथिन तिच्यात निम्म्याहून कमी निघालं होतं. म्हणजे जन्मजात आजार, नुसता धक्का लागला तरी अंगभर काळंनिळं. रविवारी शेजारणीने किंचाळ्या ऐकून पोलीस बोलावले होते. जॅनेल म्हणाली, मला लगेच वळ उठतात. म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली, आणि आता कागद कर्टच्या बाजूने बोलत होता.

सकाळी रिपोर्ट पाहून मार्लिसला हायसं वाटलं होतं. त्याचीच आता तिला लाज वाटत होती. चार वर्षं ती ते डाग बघत आली होती. बर्फावर ब्रूमबॉल खेळताना लागलं, असं जॅनेल म्हणायची आणि ही मान डोलवायची. ब्रूमबॉलचा मोसम मार्चमध्ये संपतो. डाग जूनमध्येही असायचे.

तिने रॅकमधून कालची नळी शोधून काढली. निळ्या बुचाची, रेघेपर्यंत नीट भरलेली. चिठ्ठीवरची शाई मात्र ओल लागून फुटली होती. रक्त काढल्याची वेळ सात, लॅबमध्ये पोचल्याची साडेदहा. वरून खाली यायला लिफ्टला दोन मिनिटं लागतात. नोंदवहीत आणून देणाऱ्याची सही होती, जॅनेलची स्वतःची.

जॅनेल इथेच रक्त काढणाऱ्यांची प्रमुख होती. लॅबला लागूनच असलेल्या खोलीत ती मार्लिसला सापडली, स्टुलावर, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून बसलेली. सिंकवर तिच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता, 'निळं बूच, बर्फ नको'. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाकडून ती ते घोकून घ्यायची. हे रक्त तासन् तास बर्फात राहिलं की त्यातलं ते प्रथिन कमी होतं, आणि धडधाकट माणूस कागदावर आजारी ठरतो. सिंकशेजारी प्लॅस्टिकचा एक मोठा पेला होता, तळाशी पाणी असलेला.

मार्लिसने दार लावून घेतलं.

"किती वेळ ठेवलंस बर्फात?"

जॅनेलने बाह्या आणखी खाली ओढल्या.

"साडेतीन तास."

"त्याने करायला लावलं?"

"त्याला कुठे काय कळतंय त्यातलं? त्याला वाटतंय मी खरंच आजारी आहे." तिचा आवाज खाली गेला. "डॉक्टरांनी नाव काढल्यापासून तीन दिवस त्याने हात उचलला नाही, मार्लिस. सूप करून दिलं. म्हणाला, तुला आता जपायला हवं. मला वाटलं, असू दे की एखादा आजार."

मार्लिसने आपला हात टेबलावर ठेवला. मनगटावर चार बोटं लाल उमटली होती. आतल्या बाजूला अंगठा.

जॅनेलने त्या अंगठ्याच्या जागेवर बोट टेकवलं. ती जागा तिला पाठ होती.

"आत्ता?" तिने विचारलं.

"आत्ता. खिडकीतून." मार्लिस म्हणाली, "मला तो आजार नाही, जॅनेल."

बाहेर लॅबच्या दारावर लाथ बसली. सिक्युरिटीचा म्हातारा लिओ काहीतरी समजावत होता. त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, आणि खुर्च्यांवर कुणीतरी धाडकन कोसळलं. एक बाई किंचाळली. पुन्हा लाथ बसली आणि चौकटीचं लाकूड तडकल्याचा आवाज आला.

जॅनेलने डावी बाही वर सरकवली. दंडावर हिरवे, पिवळे, जांभळे, नवे-जुने डाग होते. पुन्हा रक्त काढण्यासाठी पट्टा बांधायला मार्लिसला कोरी जागा सापडेना. शेवटी तिने एका जुन्या डागावरच हलक्या हाताने बांधला.

"दुखेल थोडं."

"घ्या तुम्ही."

सुई आत गेली. निळ्या बुचाच्या नळीत रक्त रेघेपर्यंत चढलं. मार्लिसने नळी काढताच जॅनेलचा हात सवयीनेच पुढे आला. तिने नळी घेतली आणि सावकाश उलटी केली, सुलटी केली, चार वेळा, एकदाही हिसका न देता. दारावर आता खांदा आदळत होता. तिची लय चुकली नाही.

"किती वेळ लागेल?"

"तासभर."

"पोलिसांसाठी बारापर्यंत थांबू नका. आत्ताच बोलवा."

मार्लिसने फोन उचलला. नंबर फिरवेपर्यंत जॅनेल नळी मुठीत धरून सिंकशेजारच्या पेल्याकडे बघत राहिली. मग तिने नळी मार्लिसच्या दुखऱ्या हातात ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली.

"ही तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "मी मागितली तरी देऊ नका."